नारळ डावीकडे

“पँट कुठं बांधता?”

डॉक्टरीणबाईंनी असं विचारलं तेव्हा मी शर्ट वर धरून त्यांच्यासमोर उभा होतो. उद्या माझ्या पोटात नळी बसणार होती, आणि बाईंना माझ्या पँटची पडली होती.

“म्हणजे बेंबीच्या वर की खाली?”

“खाली,” मी म्हटलं. “जरा खालीच.”

त्यांनी निळ्या शाईचं जाड पेन काढलं आणि बेंबीच्या डाव्या अंगाला, पँटच्या पट्ट्याच्या बरंच वर एक ठिपका काढला. मग मला खुर्चीवर बसवलं, वाकायला लावलं, परत उभं केलं. “बसल्यावर ठिपका दिसतो का? घडीत दडत नाही ना?” असं मलाच विचारलं. मी मान हलवली. ठिपका ठणठणीत होता.

“छान. नळी इथून बाहेर येईल,” त्या म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर माझी बायको शेवंती बसली होती. ती तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसायला लागली. तीन महिन्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती.

“काय झालं हो?” बाईंनी विचारलं.

“पँट काय इचारतास, डॉक्टरबाई! पँट बाजारात जाताना घालतत. लुगडा खय नेसतत ता इचारा.”

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या मिशीच्या जागेकडे, जिथे मिशी कधीच नव्हती. आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

मी दिगंबर घाडी. सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी मंडळीत स्त्रीपार्टी करणारा, म्हणजे बायकांची कामं करणारा नट. त्यातही दासी-बिसी नाही, राणी. आमच्या भागात जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या देवळासमोर आम्ही उभे राहायचो आणि घाडीची राणी रडली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या नाक पुसायच्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे बढाई म्हणूनच सांगतो, त्यात काय लपवायचं?

तर अशा या राणीच्या दोन्ही किडन्या बसल्या. पाय सुजले, तोंडाची चव गेली, आणि घाटावरच्या एका हॉस्पिटलात आणून मला डायलिसिसच्या मशीनला जोडलं. मानेत तात्पुरती नळी आणि आठवड्यातून तीनदा मशीन. जीव वाचला, पण आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात येणारा माणूस गावोगावच्या जत्रा कशा करणार? मशीन पेटाऱ्यात घालून नेता येत नाही.

तेव्हा याच डॉक्टरीणबाईंनी, वैजयंती मगदूम यांनी, दुसरी वाट सांगितली. पोटात कायमची एक मऊ नळी बसवायची. तिच्यातून औषधी पाण्याची पिशवी पोटात रिकामी करायची, काही तास पाणी आत ठेवायचं. रक्तातली घाण पोटाच्या पातळ पडद्यातून त्या पाण्यात उतरते. मग ते पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. सगळं घरी, आपल्या हातानं. स्वच्छ जागा आणि स्वच्छ हात असले की झालं.

“रंगपटात जमेल?” मी विचारलं होतं.

“हात घासून धुवाल तर जमेल. रंगायच्या आधी पाणी काढून टाकायचं, नाटक संपलं की भरायचं.”

त्या दिवशी मला पुन्हा भूक लागली होती.

नळी बसवायच्या पद्धतीही त्यांनी समजावून सांगितल्या. एक म्हणजे पूर्ण भूल देऊन पोट उघडायचं. दुसरी दुर्बिणीनं, तिलाही पूर्ण भूल. तिसरी म्हणजे तेवढाच भाग बधिर करून सुईनं वाट काढायची, सुईतून तार सोडायची आणि तारेवरून नळी आत सरकवायची. पूर्ण भुलीत श्वासासाठी घशात नळी घालतात असं कळल्यावर मी तिसरी पद्धत मागितली. पोटाचं काय ते करा, पण गळ्याला हात लावू नका, असं मी स्पष्टच सांगितलं. माझं पोट आधी तपासून त्यांनीही होकार दिला. पोटात आधी काही चिरफाड झालेली नव्हती, अंगावर चरबी नव्हती, त्यामुळे जमण्यासारखं होतं.

आता मात्र त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

“लुगडं कुठं नेसता?”

मी दाखवलं. गाठ बरोबर बेंबीवर, आणि तिच्यावर चार बोटं रुंद पितळी कमरपट्टा. तो करकचून आवळावा लागतो, नाहीतर रडता रडता राणीचं लुगडं सुटायचं. त्या पट्ट्याची जागा म्हणजे बरोबर तो निळा ठिपका.

“रोज रात्रभर पितळ घासलं की आठवड्याभरात तिथं पू,” बाई म्हणाल्या. “पट्टा सैल बांधता येणार नाही?”

“पट्टो सैल आणि राणी?” शेवंती म्हणाली.

“बरं, मग वर घेऊ. नळी कातडीखालून लांबवून छातीवर काढता येते.”

मी आणि शेवंतीनं एकमेकांकडे पाहिलं. छातीवर तर माझं सगळं सोंग. चोळीत काय काय भरतो ते मी बाईंना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली.

“हे बघा घाडी,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “उद्याचं रद्द. भोक एकदा पाडलं की ते खोडायला रबर नाही. राणीचा सगळा पोशाख मागवा. अंगावर चढवून दाखवा. मग ठरवू.”

पोशाख आमच्या मालकांकडे, तात्या धुरींकडे होता. योगायोग असा की तात्या दुसऱ्याच दिवशी मला बघायला येणार होते. शेवंतीनं फोनवर निरोप दिला, येताना पेटारा घेऊन या. फोन ठेवताना तिचा चेहरा पडला होता.

“काय झाला?”

“काय नाय.”

“शेवंते.”

“तात्यांनी वेंगुर्ल्याचो एक गडी बघलोहा, म्हणतत. राणीसाठी.”

त्या क्षणी मला जे वाटलं ते किडन्या गेल्याचं कळलं तेव्हाही वाटलं नव्हतं. तात्या मला बघायला नव्हे, निरोप द्यायला येणार होते. आणि त्यांचंही चूक म्हणता येईना. जत्रा तोंडावर आलेल्या आणि राणी घाटावर आजारी, मंडळी चालायची कशी? मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी तात्या आले. धोतर, टोपी, खांद्यावर पेटारा आणि हातात केळी. तरुणपणी ते राजाचं काम करायचे, त्यामुळे अजूनही दारातून आत येताना तलवार सावरल्यासारखे येतात. माझी सुकलेली मान आणि तिच्यातून बाहेर आलेली नळी पाहून मात्र त्यांचा राजा गळाला.

“दिगू,” ते म्हणाले, “कसो आसस रे?”

“बरो आसंय.”

“यंदा जरा आराम कर हां. जीव र्‍हवलो तर नाटक. मी तुका सांगूकच...”

“पेटारो उघडा आधी, तात्या. डॉक्टर वाट बघतत.”

मी त्यांना बोलूच दिलं नाही. एकदा तोंडातून शब्द गेला की मालकाला तो मागे घेता येत नाही, हे मी ओळखून होतो.

गणपतीच्या पूजेशिवाय पेटारा उघडायचा नाही, ही आमची रीत. तात्यांनी पेटारा औषधांच्या टेबलावर ठेवला आणि खिशातून अगरबत्ती काढली. नर्स जवळजवळ उडी मारूनच आली. “अहो आजोबा, इथं ऑक्सिजन आहे!” शेवटी एका जास्वंदीवर गणपतीची समजूत घातली.

पडद्यामागे मी नेसलो. जरीकाठी हिरवं लुगडं, चोळी, कमरपट्टा, गळ्यात माळा, डोक्यावर केसांचा अंबाडा. रंग लावायला बाईंनी मनाई केली, पण शेवंतीनं स्वतःच्या पर्समधून कुंकू काढून लावलं. मी बाहेर आलो तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. शेजारच्या खाटेवर राधानगरीकडचे एक आजोबा होते. त्यांची बायको तानूबाई त्यांना पेज भरवत होती, तिचा चमचा आजोबांच्या कानाशी गेला.

डॉक्टरीणबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. लुगडं बाजूला सारून त्यांनी दुसरा ठिपका काढला, डावीकडेच, पण पट्ट्याच्या बराच खाली.

“आता बसा. वाका. चाला.”

“बाई,” मी म्हटलं, “आमच्यात एक नियम आहे. सोंग चढवलं की दोन शब्द बोलल्याशिवाय उतरायचं नाही. रिकामं उतरवलं तर अपशकुन मानतात.”

“मग बोला की. मला तेच बघायचंय. जे नाटकात करता ते सगळं करा, काही राखून ठेवू नका.”

मी दोन्ही हातांनी पदर सावरला. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट ठरलेली, पण बोलायचं ते उभ्या उभ्या सुचेल ते. राजा राणीला रानात टाकून जातो आणि राणी त्याला हाक मारते, असा प्रसंग मी धरला. समोर राजा कोणीतरी हवा होता. समोर तात्या होते.

“महाराज!” मी हाक दिली. आवाज कसा निघेल याची मला शंका होती, पण तो निघाला, थेट पोटातून. “महाराज, अर्ध्या वाटेत हात सोडायचा होता, तर धरला कशाला?”

तात्यांच्या हातातली केळ्यांची पिशवी खाली आली.

“वनात वाघ आहेत म्हणून मी रडत नाही, महाराज. पायात काटे रुतले म्हणून रडत नाही. राजवाड्यात माझ्या आसनावर दुसरी कोणी बसेल, आणि मला ते वाऱ्याकडून कळेल, म्हणून रडते.”

हे मी ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून आलं ते आलं. मी गुडघ्यांवर बसलो, कपाळ जमिनीला लावलं, उठलो, गिरकी घेतली आणि राणी जशी मूर्च्छा येऊन पडते तसा पडलो. डोळे मिटून पडल्या पडल्या मला एवढंच कळत होतं की तात्या बोलत नाहीत. राजा बोलला नाही तर राणीला उठता येत नाही. मी वाट पाहत राहिलो. फरशी गार होती.

मग तात्यांचं खाकरणं ऐकू आलं. आणि पाठोपाठ तो जुना, भरदार, राजाचा आवाज.

“ऊठ, राणी. हात सोडला नव्हता. आम्ही... आम्ही वाट चुकलो होतो. तुझ्या आसनावर दुसरं कोणी बसणार नाही. हा आमचा शब्द आहे.”

मी डोळे उघडले तर तात्या टोपीनं डोळे पुसत होते आणि दुसरा हात मला उठवायला पुढे केला होता. तो हात धरून मी उठलो. मला भरून आलं होतं आणि तरीही मी हसत होतो. वॉर्डात टाळ्या पडल्या. मशीनला जोडलेल्यांचा एकच हात मोकळा होता, त्यांनी मांडीवर थाप मारली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र टाळ्या आटोपून लगेच लुगडं बाजूला केलं. पहिला ठिपका पुसून गेला होता. त्याची निळी शाई पट्ट्याखालच्या काठाला लागली होती. दुसरा होता तसाच होता.

“बघा!” त्या खुशीत म्हणाल्या. “हीच जागा. झालं आपलं काम.”

“थांब गं बाई,” मागून आवाज आला.

तानूबाई उठून आली होती. तिच्या हातात अंबाबाईच्या देवळातून आणलेला नारळ होता, तो तिनं नवऱ्याच्या उशाशी ठेवला होता.

“राजा परत आला न्हवं? मग राणीला रिकाम्या वटीनं कशी लावून द्यायची? पदर धर गं पोरी.”

मला पोरी म्हणाली. मी मुकाट्यानं पदर पसरला. आमच्याकडेही हेच होतं. राणी नवऱ्याकडे परत निघाली की समोर बसलेल्या बायका उठतात आणि तिची ओटी भरतात. आत पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या वेळी त्याचं कोणाला काही नसतं. तानूबाईनं खण म्हणून नवा रुमाल घातला, तांदूळ म्हणून मूठभर चुरमुरे, आणि वर नारळ. “औक्षवंत हो,” म्हणाली. आजाऱ्याला कोणी असा आशीर्वाद दिला की तो वरवरचा राहत नाही. मी वाकून तिच्या पाया पडलो, आणि सवयीनं पदराचं गाठोडं डाव्या कमरेला खोचलं.

“घाडी,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “हलू नका.”

त्यांनी वाकून पाहिलं. नारळ बरोबर दुसऱ्या ठिपक्यावर बसला होता.

“हे तुम्ही मला सांगितलंच नाही.”

“माझ्याही ध्यानात नव्हतं, बाई.” ते खरं होतं. वर्षानुवर्षं ओटी घेत आलो, ती कुठं टेकते याचा कधी विचार केला नव्हता. “एकेका जत्रेत दहा-बारा नारळ होतात.”

“दहा-बारा नारळ नळीवर!” त्यांनी डोळे मोठे केले. “उजवीकडे खोचता येईल?”

शेवंती, तात्या आणि तानूबाई तिघंही एकदम “नाही” म्हणाली. कशाला नाही, हे कोणालाच सांगता येईना. ओटी डावीकडेच असते.

“बरं बाबांनो. ओटी डावीकडे, तर नळी उजवीकडे.”

आणि त्यांनी तिसरा ठिपका काढला. उजवीकडे, पट्ट्याच्या खाली. मी पुन्हा बसलो, वाकलो, पडलो. तात्यांनी पुन्हा शब्द दिला, या वेळी जरा जास्तच जोरात. तानूबाईनं नारळ पुन्हा घातला. तिसरा ठिपका जागेवर राहिला.

पोट साफ करायच्या औषधानं रात्रभर माझी जी पळापळ झाली तिचं वर्णन राणीला शोभणार नाही. आतडी भरलेली असली की नळी जागची सरकते, म्हणून ते करावंच लागतं. सकाळी टेबलावर झोपवलं. बेंबीखाली भुलीचं इंजेक्शन टोचलं, मग नुसता दाब जाणवत राहिला.

“पोट ताठ करा,” बाई म्हणाल्या. “सुई आत जाताना पोट कडक हवं. कालची हाक मारायला निघालात असं समजा.”

मी श्वास भरून धरला. सुई गेली, तार गेली, तारेवरून नळी गेली. तिचं टोक पार ओटीपोटाच्या तळाशी बसवायचं असतं. दुसरं टोक त्यांनी कातडीखालून वळवत नेलं आणि तिसऱ्या ठिपक्यातून बाहेर काढलं, तोंड खाली झुकलेलं, म्हणजे घाम आत मुरत नाही. मग पिशवी टांगून थोडं पाणी आत सोडलं. गेलं. पिशवी खाली ठेवली. पाणी परत येईना.

नर्सनं पिशवी हलवली. मला छताचा पंखा दिसत होता, तो बंद होता. पाणी आलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, हे मला सांगितलेलं होतं. मग हंगाम गेलाच म्हणायचा, तात्यांचा शब्द असला तरी.

बाईंनी नळी किंचित फिरवली. “घाडी, ते कालचं बोला बघू. पोटातून.”

“आता?”

“आत्ता.”

“महाराज!” मी ओरडलो. “अर्ध्या वाटेत हात सोडायचा होता, तर धरला कशाला?”

“आलं!” नर्स किंचाळली.

स्वच्छ, तांब्यातल्यासारखं पाणी नळीतून धारेनं पिशवीत उतरत होतं. ते माझ्या हाकेनं आलं की बाईंनी नळी फिरवली त्यानं, हे आम्ही दोघंही आजवर ठरवू शकलो नाही. बाहेर दाराशी तात्या कान लावून बसले होते. हाक ऐकून त्यांना वाटलं मी गेलोच, आणि ते आत शिरायला निघाले. शेवंतीनं त्यांना धोतराला धरून मागे ओढलं, असं ती सांगते.

जखम भरेपर्यंत थांबावं लागलं. पहिल्या काही जत्रा वेंगुर्ल्याच्या गड्यानं केल्या. चांगला होता तो, उगाच कशाला नावं ठेवू. पण मी परतलो त्या दिवशी तात्यांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, “तू आता दासी कर. राणी इली.”

हंगामाच्या शेवटी आमच्याच गावची जत्रा होती. नाटक संपत आलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. राजा परत आला, राणी निघाली, आणि बायका ओट्या घेऊन पुढे आल्या. मी पदर पसरून एकेकीपुढे वाकत होतो. एक हात पुढे आला तो मला ओळखीचा वाटला. वर पाहिलं तर डॉक्टरीणबाई. अंगावर जरीचं पातळ, हातात खण, तांदूळ, नारळ, सगळं रीतसर. घाट उतरून आल्या होत्या आणि रात्रभर बायकांत बसून नाटक पाहिलं होतं.

माझ्या डोळ्यांतलं पाणी रंगावरून ओघळलं. राणीचंच असेल असं लोकांना वाटलं असणार.

त्यांनी कुंकू लावलं, खण घातला, तांदूळ घातले. नारळ ठेवला आणि गर्दीत कोणाला कळणार नाही अशा बेतानं तो बोटांनी हळूच ढकलला.

“डावीकडे घ्या,” त्या कानाशी म्हणाल्या. “उजवी बाजू माझी आहे.”